श्वान ‘तेथेच घुटमळले’ म्हणजे नेमकं काय झालं?

मेघना_क

पेपरात नेहमी एक वाक्य असतं, ‘श्वानाने काही अंतरापर्यंत माग काढला व ते तेथेच घुटमळले.’ इतकी वर्षं वाचत आले, कधी विचार केला नव्हता. आता आमच्याच घरच्या बातमीत ते छापून आलं म्हणून विचारतेय.

माझ्या मामांकडे दहा-बारा दिवसांपूर्वी घरफोडी झाली. तालुक्याचं गाव, घर अगदी कडेला, मागे ज्वारीचं रान आणि रानापलीकडे हायवे. मामा-मामी लग्नाला गेले होते, एकच रात्र घर बंद होतं. मागच्या दाराचा कोयंडा उचकटून बोरमाळ, दोन पाटल्या आणि कपाटातले एकोणीस हजार नेले. तुळशीपाशी एक काळी माकडटोपी सापडली. ती घरातल्या कुणाची नव्हती.

पोलीस सकाळी नऊला आले. ठसेवाले आणि कुत्रं जिल्ह्याहून यायचं होतं, ते दुपारी एकला. काळं-तपकिरी डॉबरमन. त्याला टोपीचा वास दिला. ते मागच्या दारातून निघालं, शेजारच्या फाटकापाशी जरा थांबलं, मग बांधाबांधाने सरळ हायवेला गेलं, बंद पडलेल्या ढाब्यासमोर दोन-तीन गिरक्या घेतल्या आणि खाली बसलं. संपलं. जीपमध्ये बसून परत. अख्खा गाव बघायला जमला होता. कुणीतरी म्हणालंच, “चहा प्यायला आलं होतं वाटतं.”

प्रश्न दोन. यातून पोलिसांना खरंच काही कळतं, की नुसता रिवाज म्हणून आणतात? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: फाटकापाशी थांबलं ना, त्यावरून मामींनी मनाशी पक्कं केलंय की शेजारच्या अण्णांचा यात हात आहे. चाळीस वर्षांचा शेजार. बोलणं बंद, विरजण मागणं बंद. कुत्र्याच्या त्या थांबण्याला एवढा अर्थ असतो का?

साधा_माणूस

रिवाजच. आमचं दुकान फुटलं तेव्हा कुत्रं शटरपासून रिक्षा स्टँडपर्यंत गेलं आणि बसलं. रिक्षा स्टँड चाळीस पावलांवर आहे. तेवढं तर मीही चाललो असतो. झंजीरसारखी कुत्री आता राहिली नाहीत. चार कॅमेरे बसवा आणि मोकळे व्हा.

दोरीवाला

मेघनाताई, मी जिल्ह्याच्या श्वान पथकात सतरा वर्षं हस्तक होतो, आता रिटायर आहे. हस्तक म्हणजे कुत्र्याच्या दोरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात असतं तो पोलीस. जिल्ह्याचं नाव घेत नाही.

आधी मला एक सांगा. कुत्रं येण्याआधी त्या टोपीला कुणीकुणी हात लावला? उचलली कुणी, ठेवली कुठे? मामींना नीट आठवून सांगायला सांगा. तोवर बाकीचं लिहितो.

साधा माणूस साहेब, झंजीरचं नाव काढलंत म्हणून. तो लॅब्रॅडॉर, मुंबईच्या बॉम्बशोधक पथकातला. मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर त्याने तीन टनांहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं, वर डिटोनेटर, हातबॉम्ब, काडतुसं वेगळी. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कॅन्सरने गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. पण तुमच्या दुकानाच्या शटरपाशी झंजीरला आणलं असतं तर तो तुमच्याकडे बघत उभा राहिला असता. ते त्याचं कामच नव्हे. स्निफर कुत्र्याला ठरावीक दारूगोळ्यांचे वास पाठ असतात. वास लागला की ते गपचूप खाली बसतं. भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही. बॉम्बला पंजा मारला तर काय होईल ते मी सांगायला नको. ट्रॅकरला, म्हणजे माग काढणाऱ्या कुत्र्याला, यातलं काहीच पाठ नसतं. दर वेळी नवा वास, नवा माणूस, आणि शंभर वासांतून त्या एकाच्याच मागे जायचं. गांजा-चरस शोधणारी कुत्री आणखी निराळी.

माझी राणी ट्रॅकर होती. डॉबरमन. तीन महिन्यांची माझ्या ताब्यात आली आणि आम्ही दोघं पुण्याला शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात नऊ महिने काढले. सुरुवातीला शिकवणं असं काही नसतंच. मीच खायला घालायचं, मीच ब्रश करायचं, मीच फिरवायचं. दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही एवढं अंगात मुरलं पाहिजे. मग सिट, डाउन, स्टे, हील. हुकूम सगळे इंग्रजीत, का ते मला कुणी सांगितलं नाही. राणीला मराठी फक्त ‘अगं ए’ एवढंच कळायचं, आणि ते कळल्यासारखं ती दाखवायची नाही.

मग रुमाल. ओळीत दहा रुमाल, एकाला माझा वास, बाकी दुसऱ्यांचे. बरोबर उचलून आणला की चेंडू. रुमाल जमले की ओळीत माणसं. त्याच्या जोडीने माग. गवतातून शंभर पावलं सरळ, शेवटी एखादी वस्तू पडलेली. मग त्यात एक वळण, मग दोन. मग माग अर्ध्या तासाचा शिळा, पुढे दोन तासांचा, आणि मध्येच दुसरा कुणीतरी आडवा चालून गेलेला.

उस्ताद, म्हणजे केंद्रातले शिकवणारे, सगळं सांगायचे, फक्त एक सांगायचे नाहीत: आज माग कुठून कुठे टाकलाय. मी एकदा बराकीच्या गच्चीवरून बघून ठेवलं. वळण बाभळीपाशी होतं. राणी बाभळीच्या पुढे निघाली, माझ्या हाताने दोरी जराशी आखडली, आणि ती वळली. बरोबर वळली, शेवटपर्यंत गेली, वस्तू उचलली. मी खूश. उस्तादांनी विचारलं, “गच्चीवर होतास ना?” आठ दिवस सगळ्या कुत्र्यांची केनेलं धुवायला लावली. म्हणाले, “माग तू काढलास. कुत्रीने तुझा काढला.”

आता घुटमळणं. माणूस चालतो तेव्हा त्याच्या अंगावरून कातडीचे बारीक कण सतत गळत असतात, घाम असतो, पायाखाली गवत चिरडतं, माती उकरली जाते. या सगळ्याचा मिळून जो वास होतो त्यावर कुत्रं चालतं. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख धरतात, कुत्र्याच्या २० ते ३० कोटी. ओल, गवत, पहाटेचा गारवा असला की वास जमिनीला धरून राहतो. तापलेलं डांबर, वारा आणि वरून गेलेले ट्रक यांच्यापुढे २० कोटींचंही काही चालत नाही. शिवाय कुत्रं धापा टाकायला लागलं की तोंडाने श्वास घेतं, मग नाक आपोआप मागे पडतं. उन्हाळ्यात भर दुपारी ट्रॅकर चालवणं म्हणजे ओल्या काडीने चूल पेटवणं.

तुमच्याकडे चोर रात्री दोन-तीनला गेला असेल असं धरू. कुत्रं एकला आलं. दहा-अकरा तास झाले, त्यातले चार-पाच उन्हाचे. तरी ते बांधाबांधाने हायवेपर्यंत गेलं. मी तिथे असतो तर त्याला दोन बिस्किटं जास्त दिली असती. ढाब्यासमोर गोल फिरून बसलं, कारण तिथून पुढे पायी कुणी गेलंच नाही. गाडी तिथे उभी होती. आम्ही रिपोर्टात लिहितो, ‘अमुक ठिकाणापर्यंत माग, तेथून वाहनाने गेल्याची शक्यता.’ पेपरवाला त्याचं ‘घुटमळले’ करतो आणि गावाला वाटतं कुत्रं नापास झालं. नापास कुत्रं मी बघितलंय. ते घुटमळत नाही. वास संपला तरी चालत राहतं, कारण मागे उभ्या असलेल्या माणसाला खूश करायचं असतं.

साधा माणूस साहेब, तुमचं चाळीस पावलांचंही तेच. चोर रिक्षाने गेला हे तुम्हाला आधी माहीत होतं का? मग त्या रात्रीच्या रिक्षावाल्यांकडे कुणी चौकशी केली का, ते विचारा. कुत्र्याचं काम तिथे संपतं आणि आमच्या लोकांचं सुरू व्हायला हवं.

उशीर का होतो, तर माझ्या वेळी अख्ख्या जिल्ह्याला ट्रॅकर दोन. एक आजारी, दुसरा ऐंशी किलोमीटरवर दुसऱ्या कॉलला, असं रोजचंच.

मेघना_क

काका, मनापासून धन्यवाद. मामींना फोन केला आणि आता मलाच कसंतरी होतंय.

टोपी पहिल्यांदा अण्णांनाच दिसली. मामा-मामी सकाळी सातला परतले, मामींचा आवाज ऐकून अण्णा आपल्या फाटकातून धावत आले. तुळशीपाशी टोपी पडलेली बघून त्यांनी ती उचलली, झटकली, आणि “ही कुणाची रे?” म्हणून सगळ्यांना दाखवली. मग ती कठड्यावर. मग सात-आठ जणांनी तरी हातात घेऊन बघितली. पुढे कठड्यावर चहाचा ट्रे ठेवायचा होता म्हणून मामींनीच ती खिडकीत ठेवली, डाळीच्या डब्याशेजारी. कुत्रं आलं तेव्हा अण्णा घरी जेवायला गेले होते.

दोरीवाला

झटकली! ताई, कपाळावर हात मारला मी.

बघा, त्या टोपीला चोराचा वास असणार, तो शिळा. त्यावर अण्णांच्या हाताचा, तो ताजा. आणि अण्णा तासाभरापूर्वीच तुमच्या दारातून आपल्या फाटकात चालत गेलेले. कुत्र्याला आपण एका वस्तूवर दोन माणसं दिली. त्याने फाटकापाशी एकाची खात्री केली आणि मग दुसऱ्याच्या मागे हायवेला गेलं, असं मला दिसतं. मी तिथे नव्हतो, म्हणून शपथेवर सांगत नाही. फाटकाच्या खांबावर गावातल्या एखाद्या कुत्र्याने पाय वर केलेला असला तरी डॉबरमन थांबतं. तेही शेवटी कुत्रंच.

टोपीला हात लावलेली सगळी माणसं तिथे उभी करायला हवी होती. कुत्रं त्यांना एकेकाला हुंगतं, हे वास इथेच आहेत म्हणून सोडून देतं, आणि जो वास टोपीवर आहे पण समोर उभा नाही त्याच्या मागे लागतं. अण्णा जेवायला गेले नसते तर तुमच्या मामींचं विरजण बंद झालं नसतं. खरं तर हस्तकाने हे निघायच्या आधी विचारायला हवं होतं. मीही सुरुवातीला विचारायचो नाही.

आता माझी गोष्ट. जिल्ह्याचं नाव का घेतलं नाही, ते यावरून कळेल.

नोकरीला तीन-चार वर्षं झाली होती. एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातून, दिवाणजींच्या टेबलाचा खण फोडून रोकड गेली. जीपमध्ये साहेब पुढे बसलेले, मागे मी आणि राणी. साहेब वळून म्हणाले, “वॉचमनचा पोरगा आहे बघ, उंच, निळा शर्ट. त्याचंच काम आहे.” मी हो म्हटलं. साहेबांना नाही काय म्हणणार.

जिनिंगवर अकरा माणसं ओळीत उभी केली. सगळीकडे सरकी, कापसाचे तंतू उडतायत, राणी दोनदा शिंकली. खणाचा वास दिला. पहिल्या फेरीत ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, कुणापाशी थांबली नाही. साहेब म्हणाले, पुन्हा. दुसऱ्या फेरीत निळा शर्ट जवळ आला आणि माझी चाल मंद झाली. मी मुद्दाम केली नाही. पण झाली, आणि दोरीला झोल पडला. राणी थांबली. त्या पोरासमोर बसली.

बसली आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

ताई, राणीने माणूस धरला की ती माझ्याकडे बघायची नाही. तिचं नाक त्या माणसाच्या गुडघ्याला चिकटलेलं असायचं, शेपटीचं खुंट थरथरायचं, हाक मारली तरी कान हलायचे नाहीत. त्या दिवशी ती मला विचारत होती, ‘हाच ना?’ मला ते तेव्हाच कळलं. साहेबांनी विचारलं, “पक्कं?” मी म्हटलं, “हो साहेब.”

पोरगा दोन दिवस आत होता. त्याचं काय केलं असेल ते लिहीत नाही. बाराव्या दिवशी पैसे दिवाणजींच्या नात्यातल्याच एकाकडे निघाले. पोराला सोडलं होतंच, पण गावाने सोडलं नाही. ‘कुत्रं त्याच्यापाशी बसलं होतं’ एवढं गावाला पुरतं. वर्षभरात बापलेक दोघं गाव सोडून गेले.

त्यानंतर जीपमध्ये कुणी संशयिताचं नाव काढलं की मी खाली उतरायचो. दोन साहेबांनी त्यावरून मेमो दिला. एकाने समजून घेतलं आणि पुढे स्वतःच इतरांना सांगायला लागला की हस्तकाला आधी काही बोलू नका. तुमच्या मामींना हे वाचून दाखवा.

ॲड_प्राची

काकांनी जे दोरीच्या झोलाबद्दल लिहिलंय, त्यावर २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाने केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झालाय. कुत्रा आणि हस्तक अशा १८ जोड्या घेतल्या आणि त्यांना एका चर्चच्या खोल्या तपासायला सांगितल्या. खोल्यांमध्ये अमली पदार्थ किंवा स्फोटकं काहीच ठेवलेलं नव्हतं. हस्तकांना मात्र सांगितलं होतं की काही ठिकाणी लाल कागद लावून जागा दाखवून ठेवली आहे. बहुतेक फेऱ्यांमध्ये कुठे ना कुठे ‘सापडलं’ म्हणून नोंद झाली, आणि लाल कागदांपाशी जास्त. कुत्र्यांना त्या कागदाशी काय देणंघेणं?

कोर्टाचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातला आहे, अब्दुल रजाक मुर्तजा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७० च्या एआयआरमध्ये, म्हणजे निकाल छापणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये छापलेला. अशा पुराव्यावर घेतले जाणारे आक्षेप त्यात मांडलेत. कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेऊ शकत नाही आणि त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. त्याच्या वतीने हस्तक बोलणार, म्हणजे ती ऐकीव साक्ष झाली. आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अंदाजावर टांगलेलं नसावं. पुढे २००१ मध्ये आंध्रच्या एका खटल्यातही न्यायालयाने म्हटलं की तपासाला कुत्री खुशाल वापरा, पण निकाल देताना त्यावर फार भर देण्याचं कारण नाही. कुत्रं चुकू शकतं, हस्तक चुकू शकतो, आणि कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ लावणाराही चुकू शकतो.

प्रत्यक्षात काय होतं, तर कुत्रं विहिरीपर्यंत नेतं, विहिरीत कोयता सापडतो, आणि मग कोर्टात कोयता बोलतो. कुत्र्याचं नाव पंचनाम्यात दोन ओळींत येतं. मेघना, नुसत्या फाटकापाशी थांबण्यावरून अण्णांवर कोर्टात गुन्हा सिद्ध होऊ शकत नाही, एवढं मामींना निश्चित सांग.

दोरीवाला

वकीलबाई, तो लाल कागद म्हणजे आमच्या साहेबांचा निळा शर्ट. चला, अमेरिकेतही आहे म्हणायचं.

बीडच्या रॉकीचं नाव ऐकलंय का? २०२० मध्ये तो गेला तेव्हा बीड पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला, आणि तीनशेहून जास्त गुन्ह्यांच्या तपासात त्याची मदत झाली असं पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं. मदत हा शब्द नीट वाचा. कुत्र्याने गुन्हा ‘उघडकीस आणला’ असं जेव्हा छापतात तेव्हा मला हसू येतं. विहिरीत उतरलेला कॉन्स्टेबल कुठे जातो मग?

मेघनाताई, ढाब्यासमोरून काही कळलं का?

मेघना_क

मामींना सगळं वाचून दाखवलं, जिनिंगच्या पोराचं तर दोनदा. ऐकून घेतलं, डोळे पुसले. मग म्हणाल्या, “पण मग अण्णांनी त्याच दिवशी सांगायचं नाही का, टोपीला हात लावला म्हणून?” म्हणजे अजून बोलत नाहीत. मामा मात्र काल संध्याकाळी अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसून आले, मामींना न सांगता.

ढाबा दोन वर्षं बंद आहे, तिथे कॅमेरा नाही. मामांनी आज जाऊन पाहिलं. पलीकडे साधारण दोनशे मीटरवर पेट्रोल पंप आहे आणि त्याचा एक कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून आहे. पोलिसांनी तिथे अजून विचारलेलं नाही असं पंपावरचा मुलगा म्हणाला. आम्ही आपण होऊन फुटेज मागितलं तर देतील का? आणि ते किती दिवस राहतं?

दोरीवाला

तुम्हाला देणार नाहीत, आणि दिलं तरी पुढे कोर्टात त्याचा घोळ होईल. मामांना म्हणावं, उद्या सकाळी तपास अंमलदारांना गाठा, एका कागदावर पंपाचं नाव, कॅमेऱ्याची दिशा आणि रात्री एक ते चार ही वेळ लिहून द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. श्वान पथकाचा रिपोर्ट फाइलला लागलेला असेल, त्यात ढाब्याचा उल्लेख आहे का तेही विचारा. बऱ्याच डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यावर, पंधरा-वीस दिवसांत जुन्यावर नवं चढतं. तुमचे दहा-बारा गेलेच आहेत. उद्याच जा.

आणि टोपी आता कुठे आहे? मुद्देमालात जमा केली, की अजून डाळीच्या डब्याशेजारीच आहे?